पोस्टग्रेस्क्यूएल : वापरकर्त्यांची परस्पर-दृश्यता

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीत विशेष अधिकार नसलेल्या वापरकर्त्याला इतर वापरकर्त्यांविषयी किती माहिती दिसते, आणि ती कितपत झाकता येते, हा या नोंदीचा विषय. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांचे डेटाबेस सांभाळणाऱ्यांना तो हटकून भेडसावतो. टेबलांना कुलूप असले तरी शेजारी कोण राहतो, हे इथे सर्वांना कळते.

याचे मूळ रचनेतच आहे. वापरकर्ते, म्हणजे ‘रोल’, एखाद्या डेटाबेसचे नसून संपूर्ण क्लस्टरचे, म्हणजे एकत्र चालवल्या जाणाऱ्या सर्व डेटाबेसांच्या समूहाचे, असतात. त्यांची मूळ नोंद ‘पीजी_ऑथआयडी’ या कॅटलॉगात असते. पासवर्डचे हॅश तिथेच असल्याने तो सर्वसामान्यांना बंद असतो. मात्र त्यावर बेतलेला ‘पीजी_रोल्स’ हा व्ह्यू कोणीही वाचू शकतो. पासवर्डच्या जागी त्यात नुसत्या तारका दिसतात, पण सुपरयूजर कोण, डेटाबेस बनवण्याची मुभा कोणाला, पासवर्डची मुदत कधी संपते, हे सारे उघड असते. ‘पीजी_डेटाबेस’मुळे डेटाबेसांची नावेही कळतात.

चालू कामांबाबत प्रणाली अधिक सावध आहे. ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’त दुसऱ्याच्या क्वेरीचा मजकूर आणि त्याचा नेटवर्क पत्ता लपवला जातो, वापरकर्त्याचे नाव मात्र दिसतेच. हा मजकूर सुपरयूजर न होताही पाहता यावा, म्हणून 2017 मधील आवृत्ती 10 पासून ‘पीजी_रीड_ऑल_स्टॅट्स’ हा तयार रोल मिळतो.

‘पीजी_रोल्स’वरील वाचनाधिकार काढून घेणे हा पहिला सुचणारा उपाय, पण तो अपुरा आहे. प्रत्येक डेटाबेसात तो वेगळा करावा लागतो आणि पीजीॲडमिनसारखी साधने अडखळतात. शिवाय ‘पीजी_गेट_यूजरबायआयडी’ या फंक्शनला क्रमांक दिला की ते नाव सांगून टाकते. एकामागून एक क्रमांक देत गेले तर अख्खी यादी हाती येते. आवृत्ती 9.5 पासूनची ओळनिहाय सुरक्षा सिस्टिम कॅटलॉगांना लावता येत नाही.

मायएसक्यूएलचे धोरण अधिक कडक आहे : ‘प्रोसेस’ अधिकाराशिवाय तिथे फक्त स्वतःचीच चालू कामे दिसतात. ओरॅकलमध्ये मात्र ‘ऑल_यूजर्स’ हा व्ह्यू सर्वांना खुला असतो.

पोस्टग्रेसमध्ये खरा आडोसा हवा असेल, तर प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र क्लस्टर देण्याला पर्याय नाही. त्यासाठी जास्तीची मेमरी आणि देखभाल सोसावी लागते. ते परवडत नसेल, तर व्यवस्थापकांनी रोल व डेटाबेसच्या नावांत ग्राहकाची ओळख येऊ देऊ नये आणि नव्या डेटाबेसवर ‘पब्लिक’ला, म्हणजे सर्वच रोलना, आपोआप मिळणारा ‘कनेक्ट’ अधिकार पहिल्याच दिवशी काढून घ्यावा.