कानविंदे आणि राय : एका वास्तुसंस्थेची हकीकत

मालवण तालुक्यातील आचरे हे गाव आमच्या वाचकांना श्रीदेव रामेश्वराच्या गावपळणीमुळे परिचित असेल. देवाचा कौल झाला की अवघा गाव गुरावासरांसह घरे मोकळी टाकून वेशीबाहेर जातो आणि तीन रात्रींनंतर पुन्हा कौल घेऊन परततो. अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म १९१६ साली याच गावी झाला. त्यांनी दिल्लीत उभारलेल्या वास्तुसंस्थेविषयी आपल्या लोकांत फारसे बोलले जात नाही, म्हणून हे चार शब्द.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या वेळी क्लॉड बॅटली हे वास्तुकला शिकवीत. विद्यार्थ्यांकडून ते जुन्या देवळांची व वाड्यांची मापे घेववीत, रेखाटने करवीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले कानविंदे पुढे अमेरिकेत हार्वर्ड येथे वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे शिकले. परत आल्यावर सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते मुख्य वास्तुशास्त्रज्ञ झाले आणि १९५५ साली शौकत राय यांच्यासह त्यांनी स्वतःची संस्था काढली.

कानपूरची तंत्रविज्ञान संस्था हे तिचे सर्वांत नावाजलेले काम होय. काँक्रीटचा सांगाडा आणि त्यात त्याच मुलखातील विटांची भर, एवढीच सामग्री. परंतु पायी चालणाऱ्यांच्या वाटा वाहनांपासून वेगळ्या काढून, वर छप्पर घालून, त्यांनी इमारती एकमेकींस जोडल्या. उत्तरेकडील उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना या सावलीची किंमत कळेल. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत आतली उष्ण हवा वर काढणारे उंच मनोरेच इमारतीचे रूप ठरले. बंगळूरचे कृषी विद्यापीठही याच संस्थेचे. उघडे काँक्रीट आमच्या पावसात शेवाळून काळे पडते, त्यामुळे यातील सर्वच आम्हांस इकडे रुचेल असे नव्हे.

१९९३ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी दिल्लीच्या इस्कॉन मंदिराचे काम मोबदला न घेता पत्करले. १९९८ साली ते भाविकांसाठी खुले झाले. प्रयोगशाळा आणि कारखाने यांत आयुष्य घालविलेल्या या गृहस्थांनी उतारवयात शिखरे रेखाटली! २००२ साली ते निवर्तले.

हे सारे जोयड्यात बसून सांगण्यास कारण आहे. सुपा धरणाचे पाणी चढले तेव्हा जुने सुपा गाव बुडाले. ती पळण परतीची नव्हती. त्या गावातील घरांची, देवळांची रेखाटने आज किती घरांत सापडतील? आता तर पाणी न चढताही जीर्णोद्धाराच्या नावाने चिऱ्याची भिंत आणि लाकडी खांब एका आठवड्यात उतरविले जातात. ठेकेदार परगावच्या देवळाचे छायाचित्र दाखवितो आणि समिती मान डोलाविते. नवे बांधू नये, असे आम्ही म्हणत नाही. कानविंदे तर जन्मभर नवेच बांधीत राहिले. परंतु त्यांची सुरुवात मापे घेण्यापासून झाली होती. जुन्या सभामंडपाची मापे उतरवून ठेवण्यास एक टेप, एक वही आणि दोन माणसे पुरतात. ज्या देवस्थानांनी यंदा काम काढावयाचे ठरविले आहे, त्यांनी पहिला चिरा हलविण्यापूर्वी एवढे करावे, ही आमची विनंती.