प्रचितगड व चांदोलीतील घाटवाट

प्रचितगड (उचितगड) : सह्याद्रीच्या धारेवरील गिरिदुर्ग. सांगली व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवर, चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम कडेला, पायथ्याशी कोकणात शृंगारपूर (ता. संगमेश्वर), तर घाटमाथ्याकडे वारणेचे खोरे व शिराळा तालुका.

मातीचे बांध घालून वस्तीला वेढा देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन गावाला असा तट व खंदक होता. तो कमी पावसाचा मुलूख. चांदोलीच्या पावसात मातीचा बांध किती टिकणार? म्हणून प्रचितगडावर वेढ्याचे बहुतेक काम कड्यांनीच केले आहे. माणसाने भर घातली ती थोडा तट, दरवाजा आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी एवढीच. त्यांतल्या एका टाक्यात छताला आधार म्हणून खांब कोरून ठेवले आहेत. माथ्यावर देवीचे मंदिर व काही तोफा आहेत. मूळच्या पायऱ्या ढासळल्याने शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी चढावी लागते.

गडाचे महत्त्व कोकण व घाटमाथा जोडणाऱ्या वाटेमुळे. अशा घाटवाटांनी मीठ व सुकी मासळी वर येई, धान्य व गूळ खाली जाई. वाट ज्याच्या हाती, जकात त्याची. शृंगारपूरच्या सुर्व्यांचे बळ यातच होते. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांचा मुलूख घेतला. पुढे शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक येसूबाई भोसल्यांची सून झाली. तिचे पती संभाजी महाराज यांचाही काही काळ शृंगारपुरात मुक्काम होता. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरात त्यांना पकडणारा मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरूनच आला होता. महाराजांना सोडवण्याचा प्रयत्न शिराळ्याच्या भुईकोटापाशी झाला, असे शिराळकर सांगतात. ती स्थानिक परंपरा म्हणूनच वाचावी.

चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, क्षेत्र ३१७.६७ चौ. किमी. कोयना अभयारण्यासह ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तर २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात त्याचा समावेश झाला. वारणेवरील धरण व उद्यान यांमुळे आतली गावे उठली. वन्यजिवांना मोकळीक मिळाली खरी, पण पायवाट पायांवर जगते. राबता थांबताच कारवीने तिचा बराच भाग गिळला. घाटमाथ्याच्या बाजूने उद्यानात शिरायला वन विभागाची परवानगी लागते. शिराळा तालुक्यातील मणदूर हे उद्यानाचे प्रवेशद्वार; गडावर जाणारे मात्र बहुधा शृंगारपुरातूनच चढतात.