पाणी सार्वजनिक, वाळू कुणाची?

दोस्तांनो, २० मार्च १९२७ आपल्याला पाठ आहे. त्यानंतरचा खटला मात्र आपण फारसा वाचत नाही. बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले आणि महाडचे स्पृश्य कोर्टात गेले. म्हणणं काय, तर तळं खाजगी आहे, आमच्या मालकीचं आहे. दहा वर्षं झगडा चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात ते हरले. धर्मानं अडवता येईना तर मालकीच्या कागदानं अडवा, ही युक्ती तेव्हाचीच.

महाड सावित्रीच्या काठी. सावित्री बाणकोटला दर्याला मिळते. तिथून खाली गोव्यापर्यंत आज तीच युक्ती चालते. तळ्याच्या जागी वाळू आली, एवढाच फरक.

आधी वाळूचा हिशेब समजून घेऊ. किनाऱ्यामागं वाळूची टेकाडं असतात. ती म्हणजे किनाऱ्याची कणगी. पावसाळ्यात लाटा तिच्यातली वाळू उपसून नेतात, दर्या निवला की परत आणून टाकतात. मर्यादवेल ती वाळू धरून ठेवते. हॉटेलवाल्याला खोलीतून दर्या दिसायला हवा. तो टेकाड सपाट करतो, वेल उपटतो आणि पुढं दगडी भिंत घालतो. लाट भिंतीवर आपटून जोरानं मागं फिरते आणि भिंतीच्या पायाची वाळू ओढून नेते. भिंत जिथं संपते तिथं ती शेजाऱ्याची जमीन खाते. भिंत त्याची, खड्डा दुसऱ्याच्या दारात!

सरकारला हे माहीत नव्हतं काय? होतं. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांना पत्र लिहिलं: भरतीरेषेपासून ५०० मीटर किनारा मोकळा ठेवा. १९९१ साली किनारा नियमन अधिसूचना आली. तीन वर्षांत, १९९४ ला, पर्यटनासाठी तिला भोकं पाडली. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं त्यातली काही बुजवली. २०१९ च्या नव्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला. दर्या पुढं येतोय, कायदा मागं हटतोय.

आता गोव्यातलं वायंगिणी बघा. दोनापावलाजवळचा हा किनारा. तिथं जायची लोकांची वाट हॉटेलच्या बांधकामानं अडवली. खटला वर्षानुवर्षं चालला. २००९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किनारा जनतेचा आहे, वाट मोकळी करा, आड येणारं बांधकाम पाडा. त्याच वर्षी गोवा सरकारनं भूसंपादनाचा कायदाच बदलला आणि बांधकाम वाचवलं. निकाल लोकांचा, कायदा हॉटेलचा.

कुणी म्हणेल, हा कोळ्या-गाबितांचा प्रश्न, आपला काय संबंध? संबंध खोतीचा आहे. कोकणातला महार आणि कुणबी खोताच्या जमिनीवर राबला. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करायचं बिल मुंबईच्या असेंब्लीत मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर सातबारा कुणाच्या नावावर आणि राबणं कुणाच्या वाट्याला, हे ठरून गेलं होतं. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. ज्याच्याकडं जमीन होती, त्याला विकायला काही होतं. ज्याच्याकडं नव्हती, त्याच्या हाती हॉटेलातला झाडू. दर्यानं झोपडी नेली तर कागद नाही, म्हणून भरपाईचं नावही नाही.

घटनेचं १५ वं कलम विहिरी, तळी, स्नानघाट सगळ्यांना खुले करतं. पण तिथं अडवणूक जातीच्या नावानं झाली पाहिजे. आजच्या पाटीवर जात नसते. ‘फक्त पाहुण्यांसाठी’ एवढंच असतं. महाडच्या दाव्यातला ‘खाजगी’ हा शब्द तिथं नवे कपडे घालून उभा आहे.

तेव्हा किनाऱ्याच्या आराखड्याची जनसुनावणी लागली की जा. नकाशा मागा. आपली वस्ती, कोळीवाडा, दर्याकडं जायची वाट त्यात दाखवलीय का, बोट ठेवून विचारा. नसेल तर लेखी हरकत घ्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. महाडची लढाई तळ्यावर झाली, तशी कोर्टाच्या कागदावरही झाली होती.

जय भीम!