उइसाँग: 'गार्लिक गर्ल्स'चं गाव आज कोणत्या अवस्थेत आहे?

२०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकमधली दक्षिण कोरियाची महिला कर्लिंग टीम आठवतेय? चष्मा लावलेली कॅप्टन बर्फावर 'यंग-मी!' अशी हाक मारायची आणि त्याचे मीम्स झाले होते. पाचही जणींचं आडनाव किम. त्यांनी रौप्यपदक जिंकलं. त्यातल्या चौघी उइसाँगच्या, आणि तिथला लसूण कोरियाभर प्रसिद्ध, म्हणून मीडियाने त्यांना 'गार्लिक गर्ल्स' करून टाकलं. खुद्द त्यांना हे नाव फारसं रुचलं नव्हतं म्हणा.

उइसाँग हे एक 'गुन' आहे, म्हणजे ढोबळमानाने आपल्या तालुक्यासारखं. आग्नेय कोरियातल्या उत्तर ग्योंगसांग प्रांताच्या मध्यभागी ते येतं. समुद्रकिनारा नाही. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला नाकडोंग नदीच्या बाजूला भातशेती. लसूण इथे शरद ऋतूत लावतात आणि जूनच्या सुमारास काढतात. गड्डी लहान, साधारण सहा पाकळ्यांची, पण चव तिखट.

इतिहास मात्र लसणापेक्षा खूप जुना आहे. इथे जोमुनगुक नावाचं छोटं राज्य होतं. 'सामगुक सागी' या १२ व्या शतकातल्या इतिहासग्रंथानुसार इ.स. १८५ मध्ये सिल्ला राज्याने ते गिळंकृत केलं. त्या काळाची आठवण देणारे मातीचे शेकडो गोल थडग्यांचे उंचवटे आजही गमसाँग भागात दिसतात.

आता खरा प्रश्न. १९६० च्या दशकात इथे २ लाखांहून जास्त लोक राहायचे. आज उरलेत सुमारे ५० हजार, आणि त्यातले ४० टक्क्यांहून अधिक ६५ वर्षांच्या पुढचे. तरुण शिक्षण आणि नोकरीसाठी देगू, सोलला गेले ते तिकडचेच झाले. २००६ मध्ये कर्लिंग सेंटर उभं राहिलं, त्यातून ऑलिम्पिक पदकही आलं, पण त्याने गाव भरत नाही. सध्या सगळ्यांची आशा आहे ती देगूच्या नव्या विमानतळावर. उइसाँग आणि शेजारच्या गुनवीची जागा त्यासाठी २०२० मध्ये ठरली.

मग आला मार्च २०२५. २२ तारखेला उइसाँगमध्ये वणवा पेटला. एका कौटुंबिक थडग्याजवळ साफसफाई करताना आग लागल्याचा पोलिसांना संशय होता. वाऱ्याने ती आग आंदोंग, चाँगसाँग, यंगयांग ओलांडून थेट समुद्राकाठच्या यंगदोकपर्यंत नेली. मृतांमध्ये बहुतांश वयस्कर होते, ज्यांना वेळेत घराबाहेर पडता आलं नाही. उइसाँगमध्ये आग विझवताना कोसळलेल्या हेलिकॉप्टरचा पायलटही ७३ वर्षांचा होता.

इ.स. ६८१ मध्ये स्थापन झालेल्या गोऊनसा बौद्ध मठाच्या बहुतेक इमारती २५ मार्चला जळाल्या. गाऊनरू आणि यन्सुजन या राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेल्या दोन वास्तूही त्यात गेल्या. मुख्य मंदिर तेवढं वाचलं.