वेठ, कंत्राट आणि कचरा



गुलामगिरी म्हटलं की आपल्याला आफ्रिकेतून निघालेली जहाजं आठवतात, अमेरिकेतली कापसाची शेतं आठवतात. जोतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली. अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. पण आत बोलले ते इथल्या गुलामगिरीबद्दल. तेव्हा आपणही आधी आपल्या अंगणात बघू.

आमचं केळशी दापोली तालुक्यात, भारजा नदीच्या मुखाशी. पलीकडं मंडणगड तालुका. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यातलं. हा सगळा मुलूख खोतांचा. खोत कुळांकडून सारा घ्यायचा आणि सरकारात भरायचा. साऱ्याबरोबर तो माणूसही वसूल करायचा. आठ दिवसांतला एक दिवस कुळानं खोताकडं फुकट राबायचं. त्याला आठवेठ म्हणत. कुळांत कुणबी होते, महारही होते. महारावर गावकीचं ओझं आणखी वेगळं. सांगावा ने, साहेबाचं सामान उचल, मेलेलं ढोर ओढ.

ढोर ओढणं म्हणजे काय? गावाची घाण गावाबाहेर नेणं. ती न्यायची कुणी, हे जन्मानंच ठरलेलं. वर त्याला नाव काय, तर वतन! 1874 च्या वतन कायद्यानं त्यावर सरकारी शिक्का बसला. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला, भावाला धरून न्यायचे. एकाच्या वतनात अख्खं घर जुंपलेलं. मोबदला म्हणून बलुतं आणि जमिनीचा तुकडा. जमिनीपायी वतन सुटत नव्हतं, आणि वतनापायी माणूस सुटत नव्हता.

मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ढोरं ओढणं सोडायला सांगितलं. 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. 17 सप्टेंबर 1937 ला खोती मोडण्याचं बिल मांडलं. जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार आणि कुणबी एकत्र होते, हे विसरू नका. खोती गेली 1949 च्या कायद्यानं. महारकीचं वतन गेलं 1958 च्या कायद्यानं. मधे 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली. तिच्या कलम 23 नं वेठबिगार हा गुन्हा ठरवला.

मग वेठ संपली का?

आपली माणसं बोटीनं मुंबईला गेली. गिरणीत साचेखात्यात महाराला घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडानं ओढावं लागे, आणि सवर्ण साचेवाल्याला त्याचा विटाळ! मी आज भिवंडीत मागावर उभा राहतो, ती मला साधी गोष्ट वाटत नाही. ज्यांना साचा मिळाला नाही त्यांतल्या कितीकांच्या हातात झाडू आला, कचऱ्याची गाडी आली. बाबासाहेबांनी 1935 साली म्युनिसिपल कामगारांचा संघ काढला तो याच माणसांसाठी.

पुढं म्युनिसिपालिटीनं कचरा कंत्राटदाराला दिला. इथं डाव बदलला. खोत डोळ्यांना दिसत होता. कंत्राटात मालक दिसतच नाही. कचरा पालिकेचा, रस्ता पालिकेचा, माणूस मात्र कुणाचाच नाही. माझा चुलता अशाच एका कंत्राटदाराच्या गाडीवर होता. हजेरीकार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. जे हातात पडंल तो पगार. विचारलं तर उद्या येऊ नकोस.

कचरा वाहतूक श्रमिक संघानं मुंबई महापालिकेला हाच सवाल कोर्टात केला. 2700 कामगार. औद्योगिक न्यायाधिकरणानं 2014 साली सांगितलं, कंत्राट बनावट आहे, माणसं पालिकेची आहेत. हायकोर्टानं ते कायम केलं, आणि एप्रिल 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानंही. त्यानंतरसुद्धा नावाच्या स्पेलिंगवरून कितीकांचं काम अडलं. ज्यानं कधी धड कागद दिला नाही, तोच कागदातली चूक दाखवतो!

आता कायदा नीट समजून घ्या. 1982 च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामं चालू होती. किमान मजुरी रोजची 9 रुपये 25 पैसे. त्यातला रुपया जमादार खायचा. सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी निकाल दिला: किमान मजुरीपेक्षा कमी देऊन घेतलेलं काम ही वेठच. कारण भूक हीसुद्धा जबरदस्ती आहे. आणि कंत्राटदाराकडं बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

विलायतेतही हेच चाललंय. तिथं 2015 साली कायदा झाला. 3 कोटी 60 लाख पौंडांवर उलाढाल असलेल्या कंपनीनं दरवर्षी जाहीर करायचं, की आमच्या कामात आणि आम्हाला माल-माणसं पुरवणाऱ्यांच्या साखळीत गुलामी रोखायला आम्ही काय केलं. नाही केलं जाहीर तर दंड नाही! 2019 साली तिथंच एक टोळी दोषी ठरली. पोलंडमधून 400 वर माणसं फसवून आणलेली. त्यातली कितीतरी कचरा निवडण्याच्या केंद्रांत राबत होती. पगार त्यांच्या नावानं बँकेत जायचा आणि काढायची टोळी. म्हणजे कंपनीचा कागद स्वच्छ, आणि आत वेठ.

म्हणून नुसता कागद बघू नका, माणसाला विचारा. प्रत्येक कंत्राट म्हणजे गुलामगिरी असं सरसकट बोलू नका; शब्द बोथट होतो. विचारा: उचल घेतलीस का? ती फिटेपर्यंत सोडता येतं का? पगार तुझ्या हातात येतो की मुकादमाच्या? आधारकार्ड कुणापाशी आहे? किमान वेतन मिळतं का? उचलीपायी माणूस अडकला असेल तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा आहे. त्यानं ते कर्जच रद्द होतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडं करा. जिल्ह्यात दक्षता समिती असायला हवी. ती बसते का, कधी बसली, हेही विचारा. आणि दर वेळी साखळीचं वरचं टोक धरा. कचरा कुणाचा, हे एकदा ठरलं की मालक कोण ते लपत नाही.

वतन असताना आपल्या माणसाला काम नाकारता येत नव्हतं. आज ज्याला नाकारता येत नाही, तो कुठल्याही जातीचा असो, कुठल्याही मुलखातून आलेला असो, त्याच्या बाजूनं उभं राहणं हे आपलं काम आहे.

जयभीम.