पांझरेकाठची शब्बाथशाळा

डोक्याला रुमाल बांधा, टोपी असेल तर तीच घाला. मोबाईल खिशातच राहू द्या, बाहेर काढलात तर लोक त्यात तोंड बघतील. १९३२ सालच्या मे महिन्यातला पहिला रविवार आहे. काल रात्री जळगावला गाडीत चढलात, चाळीसगावला गाडी बदललीत आणि आत्ता पांझरेकाठच्या धुळ्याच्या फलाटावर उतरलात. डोळ्यात कोळशाची कणी गेलीय ना? चोळू नका, आणखी आत जाते. सकाळचे सात वाजलेत आणि मान आत्ताच भाजायला लागलीय.

टांगा करा. घोड्याच्या घामाचा नि कातड्याच्या पट्ट्यांचा वास नाकात भरेल, भरू द्या. वाटेत नंबराच्या गल्ल्या लागतील, आणि दोन्ही बाजूंना मातीच्या धाब्याची घरं. धाब्यांवर बायका उन्हं चढायच्या आत बिबडे टाकताहेत. शिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास खाली रस्त्यापर्यंत येतोय. मिशनच्या कंपाउंडाशी पोचलात की मात्र वास थांबतो. इथली धाबी रिकामी. रविवारी इथे बिबडे नाहीत नि धुणंही नाही.

पहिला दिसतो तो साहेबाचा बंगला, आणि त्याला कुलूप आहे. खानदेशात दोन मिशनांचा पसारा आहे. जळगाव-भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सवाले, आणि धुळे-नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनवाले. दोन्ही अमेरिकेतून आलेली. धुळ्याकडच्या मिशनातले बरेच जण मूळचे स्वीडन-नॉर्वेकडचे. बर्फातली माणसं खानदेशच्या मे महिन्यात काय करणार? शक्य असेल तर डोंगरावर जातात. तुमच्या दृष्टीने बरंच झालं. मिशनचे इतिहास बंगल्यातल्या नावांनी भरलेत. शिकवण्याचं काम बंगल्याबाहेर कसं चालतं ते आज अडथळ्याशिवाय बघायला मिळेल.

कडुनिंबाखाली चला. शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची बायबलची शाळा, तिथे भरते. सतरंजी अंथरलीय, तिच्या धाग्यांतून खालचे खडे मांडीला टोचतात. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधे पोरं. जो तो तुम्हाला ‘सलाम’ म्हणतोय, तुम्हीही म्हणा. एक म्हातारी हात धरून विचारते, “कथाईन उनात?” जळगावहून, एवढंच सांगा. नव्वद-पंचाण्णव वर्षांचा हिशेब तिला समजावत बसू नका.

तहान लागली असेल तर कोपऱ्यातला रांजण बघा. एकच रांजण, एकच पितळी गडवा, आणि तो सगळ्यांच्या हातातून फिरतोय. महारवाड्यातून आलेला मनुष्य पितो, साक्रीकडचा भिल्ल पितो, मग शाळामास्तर पितात. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. १९३२ मध्ये हे पाणी कुठल्याही उपदेशापेक्षा मोठं आहे, असं माझं मत.

आता बाई येतात. बायबलबाई, म्हणजे शास्त्र शिकवत घरोघर फिरणारी बाई. पांढरं लुगडं, पायात जाड वहाणा, काखेत फडक्यात बांधलेलं पवित्र शास्त्र. वय चाळिशीचं. १९०० च्या दुष्काळात घरचं कुणी उरलं नाही, तेव्हा आठ वर्षांची ही पोर केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात पोचली. तिथेच वाचायला शिकली, आणि मग आश्रमाच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसली. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं. छापण्याचं काम आश्रमातल्याच बायकामुलींनी केलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं.

छापखान्याची सवय बाईंच्या डोळ्यांत राहिलीय. त्या तुमच्या समोर बसतात, पुस्तक तुमच्या मांडीवर, म्हणजे त्यांच्या बाजूने सगळी अक्षरं उलटी. तुम्ही वाचायला लागता. दुसऱ्याच ओळीत एक शब्द गाळता, आणि पलीकडून आवाज येतो, “मागे जा.” उलट्या पानावरून त्यांनी पकडलं! पोरं फिदीफिदी हसतात. तुमचं शिक्षण किती झालंय हे विचारायला कुणी आलेलं नाही, तेव्हा गप्प मागे जा.

आजचा पाठ पेरणाऱ्याचा. मत्तयाचा तेरावा अध्याय. एक मुलगा बोट ठेवून मोठ्याने वाचतो. पुस्तकातली मराठी ऐकून अर्ध्या सतरंजीचे चेहरे कोरे. बाई तेच अहिराणीत सांगतात. पलीकडे बसलेला नवापूरकडचा तरुण आपल्या दोघा सोबत्यांना ते त्यांच्या बोलीत पोचवतो. एक गोष्ट तीन बोलींतून जाईपर्यंत निंबोळ्या टपटपतात, कुणाचं तान्हं रडतं, बाहेरून सरकीच्या ढेपेचा वास घेऊन बैलगाडी जाते. घाई कुणालाच नाही.

आणि मग उजवीकडून एक शेतकरी तोंड उघडतो. “असा कोन येडा वाटवर बी टाकस?”

हशा. पण प्रश्न खरा आहे. या माणसाने जन्मभर पाभर धरलीय. चाड्यात मूठ सोडायची, बी नळीतून नेमकं तासात पडायचं. दगडावर, काट्यांत, रस्त्यावर बी जातंच कसं? कपाशीची सरकी तर शेणात चोळून लावतात, दाण्याला दाणा चिकटू नये म्हणून. बी फुकट घालवणाऱ्याची गोष्ट देवाच्या तोंडी शोभत नाही, असं त्याचं स्वच्छ म्हणणं.

एखादा शहाणा उपदेशक इथे आवाज चढवून पुढे गेला असता. बाई वाळूत बोटाने शेत काढतात. तिकडे पाभर नव्हती हो, त्या सांगतात, मुठीने फेकून पेरायचे. शेतातूनच पायवाट जायची. फेकलेलं बी कुठेही पडणार. शेतकरी मान हलवत बसतो, मग म्हणतो, म्हणजे बी चांगलंच होतं, खोट जमिनीत. झालं! बाईंना जे सांगायचं होतं ते त्याने स्वतःच काढलं, आणि त्या त्याला श्रेय देऊन मोकळ्या होतात. शिकवणं म्हणतात ते हे. सेमिनरीत जाऊन आलेल्या किती जणांना ते जमतं, मला शंका आहे.

पाठ संपला की ओव्या, म्हणजे शास्त्रातली वचनं, म्हणायची पाळी. प्रत्येकाने उभं राहून एक ओवी तोंडपाठ म्हणायची. अक्षर न ओळखणाऱ्या म्हाताऱ्या अख्खं स्तोत्र न अडखळता म्हणतात. पोरं बेरकी. एकामागून एक योहानाच्या अकराव्या अध्यायातली पस्तिसावी ओवी फेकतात, कारण ती फक्त दोन शब्दांची आहे. चौथ्या पोराला बाई थांबवतात आणि त्या ओवीवर बंदी घालतात. पाठ म्हणणाऱ्याला रंगीत चित्राचं कार्ड मिळतं. परदेशातल्या कुठल्याशा मंडळीने वापरून झाल्यावर धाडलेलं, मागे शाईत अगम्य अक्षर. पोरं ते नाकाला लावून हुंगतात. आता तुमची पाळी आहे. उभे राहिलात? काही आठवतं? बसा खाली. कार्ड नाही.

दुपारी कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. डोळ्यांतून पाणी आलं तरी मागून घ्या, नाहीतर घरधनिणीला वाईट वाटेल. ऊन असं की उंबऱ्यावर पाय ठेवला तर चटका बसतो, आणि अशा उन्हात बाई फडकं काखेत मारून निघतात. हीच वेळ, पुरुष झोपलेले असतात आणि घरातल्या बायकांना बोलायला सवड असते. मागोमाग जा. काही घरी ओट्यावर बसायला पोतं मिळतं, काही घरी दार लोटलं जातं. एके ठिकाणी पाणी देतात, पण वरून, ओंजळीत. सकाळचा रांजण आठवला ना? बाई ओंजळ पुढे करतात, पितात, आणि घरच्या सुनेला आजारी पोराचं विचारतात. शास्त्र अजून फडक्यातच आहे. आज बहुधा ते सुटणारही नाही.

संध्याकाळी परतताना तुरुंगाच्या भिंतीजवळून जाल. त्या भिंतीआड याच दिवसांत दर रविवारी विनोबा कैद्यांना गीता सांगताहेत, साने गुरुजी उतरवून घेताहेत. आज अकरावा अध्याय. एका गावात, एका रविवारी, भिंतीच्या आत आणि बाहेर दोन शास्त्रं साध्या माणसांच्या भाषेत उतरत होती. आतलं लिहून ठेवलं गेलं आणि ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघर गेलं. कडुनिंबाखालचं कुणी उतरवून घेतलं नाही.

रात्री धाब्यावर भजन. बाजा, टाळ, एक कंदील, त्याभोवती किडे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं चालली आहेत. चाल ओळखीची म्हणून शेजारच्या धाब्यावरचा वारकरीही मान डोलावतो. माती अजून गरम आहे, पाठ शेकते. बाई मागे बसून झोपल्यात, टाळांच्या गजरातसुद्धा. सकाळपासून सहा-सात मैल चालल्यात, झोपू द्या.

धुळ्या-जळगावच्या मंडळ्यांत रविवारची उपासना आजही भरते. कधी जाणं झालं तर मागच्या रांगेत बसा, पण तयारीने जा. एखादी ओवी पाठ करून ठेवा, योहान ११:३५ सोडून कुठलीही.