नंदुरबारच्या डोक्यावर उणे चाळीस

साल १९३१, मे महिना. तुम्ही नंदुरबार स्टेशनात तापी व्हॅलीच्या गाडीची वाट पाहत उभे आहात. जिल्हा अजून पश्चिम खानदेश. नंदुरबार वेगळा व्हायला १९९८ उजाडणार आहे. पारा चाळिशीपार. शेजारचा म्हातारा सातपुड्याकडे हात करून सांगतो, ‘दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जाल तर घोंगडी विसरू नका.’ अस्तंबा सव्वातेराशे मीटर उंच. किलोमीटरभर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हाताऱ्याला आकडा माहीत नसेल, हिशेब मात्र चोख आहे.

भुसावळला गाडी बदलून तुम्ही पुण्यात पोचता. हवामान खात्याचं मुख्यालय तीन वर्षांपूर्वी सिमल्याहून इथं आलंय. मैदानात हायड्रोजन भरलेला रबरी फुगा डुलतोय. त्याच्याखाली बांबूच्या काड्यांचा पिंजरा आणि पिंजऱ्यात मूठभर वजनाचं यंत्र. थंडी वाढेल तशी त्याची सुई धातूच्या चिमुकल्या पत्र्यावर ओरखडा काढत जाते. फुगा सुटतो, आणि पिंजऱ्याला लटकून तुम्हीही.

पाच किलोमीटरच्या वर हवा शून्याखाली जाते. ऊन डोळ्यांत खुपतंय, तरी ऊब नाही. कारण सूर्य आधी जमीन तापवतो, जमीन हवेला. वर चढणाऱ्या हवेवरचा दाब घटतो, ती फुगते, आणि फुगण्यात तिची उष्णता खर्च होते. अकरा किलोमीटर! दाब जमिनीवरच्या पावपट, तापमान उणे ४० च्या आसपास. पाठ्यपुस्तकात या उंचीला उणे ५६.५ छापलेलं असतं, पण ते मध्यम अक्षांशांचं गणित. आपल्याकडची हवा इथं थोडी उबदार असते, आणि मग सगळी कसर वर भरून काढते. सतरा किलोमीटरवर उणे ८०! त्याच वेळी उत्तर ध्रुवावर एवढ्याच उंचीची हवा कितीतरी उबदार आहे. पृथ्वीवरची सर्वांत गार हवा विषुववृत्ताच्या माथ्यावर कड्यासारखी पसरलेली असते, हे हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्येच मांडलंय. उन्हाळ्याला शिव्या घालणाऱ्या खानदेशाला हे कोणी सांगितलं असेलसं वाटत नाही.

फुगा फुटतो. पिंजरा कुठल्याशा शेतात पडतो. ‘परत करणाऱ्यास बक्षीस’ अशी चिठ्ठी त्याला बांधलेली आहे. तो ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा.

आता उडी मारा आजच्या मे महिन्यात. खाली तापीची पांढुरकी रेघ, तुम्ही विमानात खिडकीशी, समोरच्या पडद्यावर ‘बाहेरचे तापमान उणे ४१’. विमानाच्या नाकाला मात्र एवढी थंडी लागतच नाही. ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगानं समोरची हवा दाबली जाते आणि पंचवीस-तीस अंशांनी तापते. टाकीतल्या इंधनालाही याचा फायदा. ते उणे ४७ च्या खाली गोठू लागतं. आणि तुम्ही श्वासात घेताय ती हवाही बाहेरचीच. बहुतेक विमानांत ती इंजिनातून येते. तिथं दाबताना ती दोनशेएक अंशांपर्यंत तापते, म्हणून एवढ्या थंडीतही ती आधी गार करूनच केबिनमध्ये सोडावी लागते.